तार सरकारची, दुकान आपले

श्रोतेहो, ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’ हे शब्द गेली वीस-पंचवीस वर्षे आपल्या कानांवर सतत पडत आहेत. रस्ता असो, विमानतळ असो की शहरभर पसरायचे ब्रॉडबँडचे जाळे असो. सरकारजवळ जागा आणि अधिकार आहेत, कंपनीजवळ पैसा आणि कौशल्य आहे, तेव्हा दोघांनी मिळून काम करावे, असा त्याचा सोपा अर्थ सांगितला जातो. ऐकणाऱ्याला वाटते, ही नव्या जमान्याची युक्ती आहे. खरे पाहता आपल्या मुलखात ही भागीदारी पावणेदोनशे वर्षांची आहे. आधी रूळ आले, मग ट्राम, वीज, टेलिफोन आणि शेवटी इंटरनेट. प्रत्येक वेळी सरकार आणि कंपनी एकत्र बसले, करार झाला, सही-शिक्के झाले. त्या करारांचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे. तो सांगताना एक साधा प्रश्न मी प्रत्येक मुक्कामावर विचारणार आहे. तार टाकली कुणी, हे सगळेच विचारतात. तार तुटली तर ती जोडायला धावून कोण जाणार आणि का जाणार, हे विचारायचे राहून जाते.

पहिला मुक्काम रेल्वेचा. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. ती गाडी ज्या करारावर धावली, तो मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या विलायतेतल्या कंपनीशी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने करार केला. जमीन सरकारने फुकट द्यायची, भांडवल कंपनीने आणायचे आणि त्या भांडवलावर दरसाल पाच टक्के व्याजाची हमी सरकारने घ्यायची. गाडी रिकामी धावली तरी भागधारकाला त्याचे पाच टक्के मिळणारच. मग काटकसर करायची कुणी आणि कशासाठी? नफा कंपनीचा आणि तोटा खजिन्याचा असा हा व्यवहार आहे, अशी तक्रार पुढे खुद्द इंग्रज अधिकारीही करू लागले. रूळ पडले, देश जोडला गेला, हे नाकारता येणार नाही. पण हमीचे ओझे वाहिले ते शेतसारा भरणाऱ्या रयतेने. १९०० मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि १९२५ मध्ये तिचा कारभारही हाती घेतला.

आमच्या मराठवाड्याची कथा वेगळी नाही. आम्ही निजामाच्या राज्यात होतो. १८८३ मध्ये लंडनमध्ये कंपनी निघाली आणि तिचे नावच होते ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’. हमी थेट नावात घातलेली! विसावे शतक उजाडता उजाडता मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग सुरू झाला. परभणीच्या कापसाला मुंबईची वाट मिळाली. इथेही शेवट तोच झाला. १९३० मध्ये निजाम सरकारने ही रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली.

दुसरा मुक्काम मुंबईच्या रस्त्यांवरचा. १८७४ मध्ये तिथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, तीही कंपनीची. पुढे १९०५ मध्ये वीज आणि ट्राम दोन्ही चालवणारी ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ कंपनी उभी राहिली. रस्ते महापालिकेचे, धंदा कंपनीचा. मात्र या व्यवहारात एक शहाणपणाची गोष्ट होती. ठरावीक मुदतीनंतर हा धंदा विकत घेण्याचा हक्क महापालिकेने राखून ठेवला होता. तो हक्क वापरून ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली. आज ज्याला मुंबईकर ‘बेस्ट’ म्हणतो, ती या कराराची मुलगी आहे. भागीदारी करताना वेगळे होण्याची अटही लिहून ठेवावी, हा धडा या शहराने शंभर वर्षांपूर्वीच गिरवला होता.

तिसरा मुक्काम टेलिफोनचा. तारयंत्र सरकारने पहिल्यापासून आपल्या हातात ठेवले होते. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली प्रायोगिक तार १८५० ची, आणि सामान्य माणसाला तार करता येऊ लागली ती १८५५ पासून. टेलिफोन आला तेव्हा हेही काम सरकारनेच करावे, असे आधी ठरत होते. कंपन्यांनी परवाना मागितला, तो आरंभी नाकारला गेला. मग सरकारचे मन बदलले. १८८१ मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना मिळाला आणि १८८२ च्या जानेवारीत कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे एक्सचेंज सुरू झाली. साठ वर्षे मुंबईचा टेलिफोन कंपनीने चालवला आणि १९४३ मध्ये तो सरकारने घेतला. या साठ वर्षांत टेलिफोन कुणाकडे पोचला? गिरणीमालक, दलाल, वकील, डॉक्टर, साहेब लोक यांच्याकडे. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. जो पैसे देईल त्याच्याकडे तार नेणे हा तिचा धंदाच होता. गिरणगावातल्या चाळीपर्यंत तार न्यावी, असे करारात कुणी लिहिलेच नव्हते.

पुढे स्वातंत्र्य आले आणि टेलिफोन पूर्ण सरकारचा झाला. तरी चाळ होती तिथेच राहिली. फोनसाठी नाव नोंदवायचे आणि वाट पाहत बसायचे. मुलगा जन्मला तेव्हा अर्ज केला आणि त्याच्या लग्नाच्या आमंत्रणांसाठी फोन कामी आला, असे लोक थट्टेने म्हणायचे. म्हणजे कंपनीच्या राज्यात फोन श्रीमंताचा होता आणि सरकारच्या राज्यात तो वशिल्याचा झाला. सामान्य माणूस दोन्हीकडे बाहेरच उभा होता.

तो आत आला १९८० च्या दशकाच्या अखेरीस, आणि ज्या वाटेने आला ती आपण पुरती विसरून गेलो आहोत. १९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने ‘सी-डॉट’ ही संस्था स्थापन झाली. उन्हाळ्यात, धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालतील अशी देशी एक्सचेंज तिने बनवली. त्यापाठोपाठ गावोगाव पिवळ्या अक्षरांच्या पाट्या झळकल्या : एसटीडी, आयएसडी, पीसीओ. तार सरकारची, एक्सचेंज सरकारचे. दुकान मात्र आपल्यातल्याच कुणाचे तरी. अपंगांना आणि माजी सैनिकांना ही दुकाने देताना प्राधान्य होते. अनामत भरायची, मीटरचे यंत्र घ्यायचे, लाकूड-काचेची खोली उभी करायची आणि बसायचे. प्रत्येक कॉलवर कमिशन.

श्रोतेहो, आठवून पाहा. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, तेव्हा या दुकानांपुढे रांग लागायची. पुण्याला शिकणाऱ्या मुलाशी, आखातात गेलेल्या नवऱ्याशी, ऊसतोडीला गेलेल्या भावाच्या मुकादमाशी बोलायला माणसे ताटकळत असायची. लाल आकडे सरसर पळायचे आणि बोलणाऱ्याचा जीव त्या आकड्यांत असायचा. लाइन गेली तर दुकानदार सायकल काढून एक्सचेंजला जायचा, लाइनमनला चहा पाजायचा, त्याला खांबापर्यंत घेऊन यायचा. कारण लाइन बंद म्हणजे त्याच्या घरची चूल बंद. मी सुरुवातीला जो प्रश्न विचारला, धावून कोण जाणार आणि का, त्याचे उत्तर या दुकानात होते. माझ्या मते ही आपल्या देशातली सर्वांत यशस्वी सार्वजनिक-खासगी भागीदारी. तिला तसे कुणी म्हटले नाही, कारण तिच्यातला खासगी भागीदार कोट घालून आला नव्हता.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. १९९४ च्या दूरसंचार धोरणानंतर मोठ्या खासगी कंपन्यांना टेलिफोनचे परवाने मिळाले. परवान्यात अट होती की शहराबरोबर खेड्यांतही सार्वजनिक फोन बसवायचे. शहरातल्या तारा झपाट्याने पडल्या. खेड्यातले फोन मुदतीत फारच थोडे बसले. दंड भरणे हे तार नेण्यापेक्षा स्वस्त पडत असेल, तर कंपनी दंड भरते. शेवटी खेड्यांचे ते काम बहुतांशी सरकारी यंत्रणेच्याच गळ्यात पडले.

मी येलदरीचा आहे, तेव्हा हे मला कालव्याच्या भाषेत लवकर कळते. आमच्याकडे पूर्णा नदीवर मोठे धरण आहे. साडेबावीस मेगावॉटचे वीजघर आहे. धरणातून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि तिथून कालव्याने दूरच्या रानांत निघते. कालवा वाहतो, पण मुखाजवळचा शेतकरी दोन पाळ्या जास्त घेतो आणि शेपटाचा, ज्याला सगळे ‘टेलचा’ म्हणतात, तो कोरड्या चारीकडे बघत बसतो. नकाशावर त्याचेही रान भिजलेले असते! यावर उपाय म्हणून पाणी आधी शेपटाला आणि मग मुखाला द्यावे, असा विचार रुजला. शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांसाठी महाराष्ट्रात २००५ मध्ये कायदाही झाला. जिथे अशा संस्था जिवंत आहेत तिथे चारी साफ असते, कारण गाळ काढणारा आणि पाणी घेणारा माणूस एकच असतो. इंटरनेटची तारही एक कालवाच आहे.

आता इंटरनेटकडे येऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह काही महानगरांत ते सर्वांसाठी खुले केले. २००४ मध्ये सरकारने ब्रॉडबँडचे धोरण जाहीर केले. सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड, अशी तेव्हाची व्याख्या. २०२३ पासून ती दोन मेगाबिटची झाली आहे. २०१० पर्यंत दोन कोटी ग्राहक करायचे ठरले होते. झाले सुमारे एक कोटी दहा लाख. त्या काळात शहरांच्या गल्ल्यांतून इंटरनेट खरोखर कुणी पोचवले? टेलिफोन निगमांच्या तांब्याच्या तारेने पोचवले, आणि गच्चीवरून गच्चीवर दोरीसारखी वायर टाकणाऱ्या केबलवाल्याने पोचवले. त्याची वायर दिसायला कुरूप होती. पण पावसात ती तुटली की त्याचा पोऱ्या शिडी घेऊन हजर व्हायचा, कारण दर महिन्याला दारावर येऊन पैसे तोच गोळा करायचा.

महापालिकांनी मात्र वेगळे स्वप्न पाहिले. सारे शहरच वायफायने भरून टाकायचे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने २००५ मध्ये अशा कामासाठी अर्थलिंक कंपनीची निवड केली. खांब शहराचे, जाळे कंपनीचे, गरिबांना सवलतीत जोडणी. ग्राहक अपेक्षेएवढे मिळाले नाहीत आणि २००८ मध्ये कंपनीने अंग काढून घेतले. आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६-०७ मध्ये इंटेलला बरोबर घेऊन बिनतारी पुण्याची योजना पुढे आणली. गाजावाजा मोठा झाला. पण जाहीर झाले होते तसे सारे शहर काही त्या जाळ्यात आले नाही. २०१८ मध्ये पुणे स्मार्ट सिटीने गूगल आणि एल अँड टी या कंपन्यांसह सार्वजनिक ठिकाणी पुन्हा वायफाय बसवले. मुंबईत जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने पाचशे ठिकाणी वायफाय सुरू केल्याचे जाहीर केले. रेल्वेच्या रेलटेलने गूगलबरोबर जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरुवात करून जून २०१८ पर्यंत चारशे स्थानके जोडली. २०२० मध्ये गूगलने या साऱ्या उद्योगातून बाहेर पडण्याचे ठरवले. मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, आता गरज उरली नाही, असे कारण सांगितले गेले.

इथे एक फरक लक्षात घ्यावा. गूगल गेले तरी स्थानकांवरचे वायफाय थांबले नाही. रुळांच्या कडेने जमिनीत पुरलेली तार रेलटेलची, म्हणजे सरकारी उपक्रमाची होती. भागीदार उठून गेला, पण ओसरी राहिली. ज्या करारात तारही पाहुण्याचीच असते, तिथे पाहुणा जाताना सतरंजीही घेऊन जातो. स्वीडनच्या स्टॉकहोम शहराने ही गोष्ट १९९४ मध्येच ओळखली. शहराने स्वतःच्या कंपनीमार्फत रस्त्याखाली काचेच्या तारा टाकल्या आणि त्या सर्व कंपन्यांना सारख्याच अटींवर भाड्याने दिल्या. रस्ता पुन्हा पुन्हा खोदावा लागला नाही, आणि एक कंपनी रुसली म्हणून शहर अंधारात पडले नाही.

कुणी म्हणेल, हातात मोबाइल आहे, मग तारेचा एवढा घोर कशाला? देशात २०२५ च्या सुमारास मोबाइलवर ब्रॉडबँड वापरणारे नव्वद कोटींहून अधिक होते. तारेने जोडलेले ग्राहक साडेचार कोटींच्या आसपास. चित्रफीत पाहायला मोबाइल पुरतो. पण २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा एका घरात एक मोबाइल आणि तीन मुले असे गणित पडले. रेंजसाठी पोरे टेकडीवर जाऊन बसली. आज परीक्षेचा अर्ज, पीकविमा, शिष्यवृत्ती, रेशनकार्डाची ओळख-पडताळणी, सगळे त्याच वाटेने जाते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ‘नेट नाही’ या दोन शब्दांनी एखाद्या पोरीचे एक वर्ष जाते. हा चैनीचा प्रश्न राहिलेला नाही.

सरकारला हे कळत नाही असे नाही. २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना मंजूर झाली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. २०२१ मध्ये केंद्राने सोळा राज्यांत ही योजना खासगी भागीदारीतून पुढे नेण्याचे ठरवले आणि तूट भरून काढायला १९ हजार कोटींहून अधिक रुपये देऊ केले. निविदा निघाली, पण बोली लावायला कुणी आले नाही. जिथे नफा दिसत नाही तिथे मोठा भागीदार येत नाही, हे यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोण सांगणार? मग गावातल्या छोट्या उद्योजकाला मिळकतीत वाटा देऊन घरोघरची जोडणी आणि देखभाल त्याच्याकडे सोपवण्याचा मार्ग निघाला. २०२३ मध्ये भारतनेटची सुधारित योजना मंजूर झाली, तिच्यातही या उद्योजकाला जागा आहे. म्हणजे तीस वर्षे फिरून आपण पुन्हा त्या पिवळ्या पाटीपाशी आलो.

शहरांसाठी असाच विचार डिसेंबर २०२० मध्ये ‘पीएम-वाणी’ या नावाने आला. चहावाला, किराणावाला, झेरॉक्सवाला आपल्या दुकानात वायफाय ठेवू शकतो. त्याला परवाना लागत नाही, शुल्क लागत नाही. त्याला ‘पब्लिक डेटा ऑफिस’ म्हणतात. नाव ऐकताच ‘पब्लिक कॉल ऑफिस’ आठवते. विचार उत्तम. पण २०१८ च्या धोरणाने २०२२ पर्यंत देशात एक कोटी सार्वजनिक वायफाय ठिकाणे म्हटली होती. प्रत्यक्षात गाडी काही लाखांपुढे गेली नाही. मोठे कारण साधे आहे. चहावाल्याला ठोक दराने बँडविड्थ परवडत नव्हती. २०२५ मध्ये नियामकाने त्याच्यासाठी दराला मर्यादा घातली, ती याचसाठी. पीसीओवाल्याचे कमिशन पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. याच्या कमाईचा विचार पाच वर्षांनी झाला.

म्हणून उद्या आपल्या नगरपालिकेत, महापालिकेत असा करार आला, तर नगरसेवकाला चार गोष्टी विचाराव्यात. रस्ता आपला, खांब आपला, खोदायची परवानगी आपली. हे आपले भांडवल आहे, त्याच्या बदल्यात जमिनीतली तार शेवटी कुणाची राहणार? कंपनी निघून गेली तर दुसऱ्या दिवशी काय? काम बाजारपेठेपासून सुरू होणार की शेपटाकडच्या वस्तीपासून? आणि त्या वस्तीत यंत्राशेजारी बसणारा माणूस कोण, त्याला महिन्याला काय मिळणार?

मराठीत इंटरनेटच्या जोडणीला ‘दुवा’ असा सुंदर शब्द रूढ झाला आहे. आमच्या घरात ‘दुआ’ म्हणजे प्रार्थना, आणि मराठीतही म्हातारी माणसे ‘दुवा देतात’. पीसीओच्या काचेआडून मुलाचा आवाज ऐकून बाहेर आलेल्या कितीतरी आयांनी त्या दुकानदाराला असा दुवा दिला असेल. पण तो दुकान उघडायचा ते कमिशनसाठी, आणि त्यात गैर काही नव्हते. कमिशन होते म्हणून तो रात्री साडेअकरालाही जागा होता. त्याच्यासारखा माणूस करारात कुठे बसतो, ते पान आधी उघडून पाहावे.